कुत्र्याचा वाटा फोडणीआधी काढा



या पत्रिकेत आम्ही लागणीवर लिहितो, खोडव्यावर लिहितो, हुमणीवर तर दर मृगाच्या तोंडाला लिहितो. तोडणीच्या पाळीवरून तुमची बोलणीही खातो. पण मळ्यातल्या वस्तीवर जे कुत्रे रात्रभर जागते, त्याच्याविषयी आजवर आमच्या हातून एक ओळ लिहिली गेली नाही. "आता कुत्र्यावर लेख? लिहायचं संपलं काय कारखान्याचं?" असे काही सभासद म्हणतील. म्हणोत. लेख पुरा वाचून मग म्हणावे, एवढीच विनंती.

ज्यांची घरे रानात आहेत त्यांच्यात कुत्रे नाही असे घर शोधून सापडायचे नाही. रात्रीची लाईट आली की आपण बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघतो, तेव्हा पुढे कुत्रे असते. डुक्कर उसात शिरले, कोणी केबल कापायला आला, गोठ्यात साप निघाला, तर पहिली खबर त्याचीच. आणि या राखणीचा पगार काय? सकाळची शिळी भाकरी, ताकाचे खरकटे पाणी आणि घरी बोकड पडला की वजडी, फोफसं, काळजाचे टाकाऊ तुकडे. हे शेवटचे आपण मोठ्या मनाने टाकतो. कुत्र्याचीही तेवढीच दिवाळी, असे म्हणतो.

या शेवटच्या गोष्टीसाठीच आम्ही आज लेखणी उचलली आहे.

आमच्या कार्यक्षेत्रातील एका सभासदाच्या घरी सूनबाईंच्या उजव्या बरगडीखाली दुखू लागले. पहिल्यांदा पित्त म्हणून सोडा-लिंबू झाले, मग गॅसची गोळी झाली, मग बाहेरचे काही आहे का तेही पाहून झाले. शेवटी सोनोग्राफी केली तेव्हा काळजात, म्हणजे यकृतात, लहान नारळाएवढी पाण्याची गाठ निघाली. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झाले. बाई वाचल्या, पण एका खोडव्याचे सगळे बिल त्यात गेले. तात्यांनी, म्हणजे त्यांच्या सासऱ्यांनी, आम्हाला सांगितले ते असे: "डॉक्टरनं पहिलं इचारलं, घरी कुत्रं हाय का? बोकड घरीच कापता का? मी म्हटलं, सायेब, दुखनं माझ्या सुनंचं, तुमी कुत्र्याची चौकशी कशापायी करताय? मला तर लई राग आला त्यांचा."

राग येण्यासारखेच आहे. पण डॉक्टरांचा प्रश्न बरोबर होता. या दुखण्याला डॉक्टर लोक हायडॅटिड म्हणतात. त्याचे चक्र एकदा नीट समजून घेतले पाहिजे, कारण ते आपल्याच अंगणात फिरत असते.

कुत्र्याच्या आतड्यात एक पट्टकृमी राहतो. तो अवघा काही मिलिमीटर लांबीचा, ज्वारीच्या दाण्याएवढा किंवा त्याहून थोडा मोठा. असे शेकडो-हजारो किडे पोटात असले तरी कुत्र्याला काही होत नाही. ते खाते-पिते, शेपूट हलवते. मात्र त्याच्या विष्ठेतून या कृमीची अंडी बाहेर पडतात. ती डोळ्याला दिसत नाहीत. बांधावरच्या गवताला, कडवळाला, परसातल्या मेथी-कोथिंबिरीला, कुत्र्याच्या केसांना चिकटतात आणि ओल असली तर महिनोन् महिने जिवंत राहतात. तेच गवत शेळी, मेंढी, गाय खाते. तिच्या काळजात आणि फोफशात पाण्याने भरलेला पांढरट फुगा तयार होतो. घरी बोकड कापणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी हा फुगा पाहिलेला आहे. "हे काय खराब दिसतंय" म्हणून तेवढा तुकडा कापतात आणि टाकतात कुणाला? उंबऱ्याशी वाट बघत बसलेल्या कुत्र्याला! त्या फुग्यात पुढच्या हजारो किड्यांची बीजे असतात. कुत्र्याने तो खाल्ला की साधारण सहा-सात आठवड्यांत त्याच्या विष्ठेतून पुन्हा अंडी पडू लागतात.

कुत्र्याला कुरवाळून तसाच हात तोंडात घालणारे पोर, न धुतलेली भाजी, उघडे पाणी, यांतून ती अंडी माणसाच्या पोटात जातात. मग शेळीच्या काळजात जो फुगा होतो तोच माणसाच्या काळजात किंवा फुप्फुसात होतो. वाढतो अगदी सावकाश, वर्षानुवर्षे. लहानपणी पोटात गेलेली अंडी लग्न होऊन सासरी आल्यावर दुखू लागतात, इतका सावकाश. फुटला तर अंगावर पित्त उठण्यापासून जीव जाण्यापर्यंत काहीही होऊ शकते. महिनोन् महिने गोळ्या, सुईने पाणी काढणे किंवा ऑपरेशन, असे त्याचे उपचार आहेत आणि त्यातला एकही स्वस्त नाही.

इथे एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. उत्तरेकडे आइसलंड नावाचे बेट आहे, मेंढ्या पाळणाऱ्यांचे. घरटी कुत्रे आणि कापलेल्या मेंढीचे आतले सगळे कुत्र्याला, ही तिथलीही रीत होती. हाच रोग तिथे घरोघर होता. १८६३ साली हाराल्ड क्राबे नावाचा डॅनिश संशोधक तिथे गेला. कुत्री आणि मेंढ्या तपासून त्याने रोगाचे मूळ दाखवले आणि शेतकऱ्यांना कळेल अशा भाषेत एक छोटी पुस्तिका लिहिली. ती घरोघर फुकट वाटण्यात आली. पुढे कायदेही झाले. त्या बेटावरून हा रोग गेला. न्यूझीलंडने १९५९ साली यासाठी खास कायदा केला, तिथे कुत्र्यांना औषध आणि कच्चा अवयव घालण्यास बंदी हे दोन्ही नेटाने चालले, आणि २००२ साली रोग आटोक्यात आल्याचे जाहीर झाले. मोठी यंत्रे नव्हती. कुत्र्याच्या पुढे काय टाकायचे एवढे बदलले. म्हणून आम्हाला वाटते की आमच्यासारख्या पत्रिकेत चार पाने त्यासाठी खर्ची पडली तर ती वाया जाणार नाहीत.

आता आमचे म्हणणे असे नाही की कुत्र्याला मांस घालू नका. उलट घाला. राखणीचे कुत्रे नुसत्या शिळ्या भाकरीवर ठेवले की त्याच्या बरगड्या दिसतात, केस झडतात, आणि ते पोटासाठी गावभर उकिरडे फुंकत फिरते. फिरले की नको ते खाते. घरचे पोटभर मिळणारे कुत्रे वस्ती सोडत नाही. आमचे म्हणणे इतकेच की त्याचा वाटा शिजवून घाला. काळीज, फोफसं अर्धा-पाऊण तास खळखळ उकळले तर त्या फुग्यातले बीज मरते. एवढाच काय तो उपाय, आणि तो चुलीवर होतो.

"माणसांना रांधून बाया दमल्या, आता कुत्र्याला रांधायचं?" हा प्रश्न आम्हाला एका गटसभेत एका आक्कांनी तोंडावर विचारला. प्रश्न रास्त आहे. रोज वेगळे रांधायची गरज नाही. आठवड्यातून दोनदा एक जुने पातेले चुलीवर चढवायचे, तुराट्या-पऱ्हाट्यांच्या जाळावर ते आपोआप होते, आणि हे काम बायांनीच केले पाहिजे असे कोणत्या पोटनियमात लिहिले आहे? कुत्र्याला "शेरू, शेरू" म्हणून मिरवणारे पुरुष आणि पोरे घरात आहेतच की.

मांस आणायचे कुठून? घरच्या कोंबड्यांत अंडी बंद केलेली कोंबडी असते, एकमेकांशी झुंजणारे जास्तीचे कोंबडे असतात. त्यांचा रस्सा माणसांना झाला की मुंडकी, पाय, मान, पेटा, दिल हे कुत्र्याच्या पातेल्यात जावे. बाजारच्या गावी चिकनच्या दुकानात पाय, मुंडकी, पाठीचे सापळे, कलेजी-पेटा हे चिकनच्या मानाने अगदी कमी भावात मिळते. संध्याकाळी दुकान आवरताना गेलात तर ओळखीचा दुकानदार पिशवी भरून देतो. मटणाच्या दुकानातली छाटणही तशीच. पिशवी घेताना वास घ्यावा. बुळबुळीत झालेले, हिरवट पडलेले मांस स्वस्त म्हणून आणू नये. ते कुत्र्यालाही बाधते.

आमच्याकडे जे करून पाहिले ते सांगतो. पंधरा-वीस किलोचे गावठी कुत्रे धरा. त्याला दिवसाला दोनशे ग्रॅमच्या आसपास ज्वारी किंवा बाजरीच्या पिठाच्या भाकरी, म्हणजे आपल्या हाताच्या दोन-अडीच, आणि पाव किलोपर्यंत शिजवलेले मांस पुरते. राबते कुत्रे असेल, थंडीचे दिवस असतील, कुत्री पिल्लांना पाजत असेल तर वाढवावे. अंगणात लोळून ढोल झाले असेल तर कमी करावे. पातेल्यात लाल भोपळ्याची फोड, गाजर, मूठभर डाळ टाकावी. भाकरी त्याच पाण्यात कुस्करावी. कुत्रे भाकरीला नाक मुरडते अशी तक्रार मग राहत नाही.

नुसते मांस हेही चांगले नव्हे. काही तरुण सभासद हौसेने परदेशी जातीची पिल्ले आणतात आणि लाडाने नुसते चिकन घालतात. पिल्लू पायात वाकते, मग म्हणतात जात खराब निघाली. जातीचा दोष नाही. मांसात चुना फार कमी असतो आणि हाडाला तर चुनाच लागतो. त्यावर उपाय घरातच आहे. अंड्याची टरफले धुऊन, तव्यावर भाजून, खलबत्त्यात मैद्यासारखी कुटावीत. मोठ्या कुत्र्याला रोज अर्धा चहाचा चमचा पुरे. कोंबडीचे पाय कुकरमध्ये इतके शिजवले की हाडे बोटाने चुरडतील, तर त्यातूनही चुना मिळतो. मात्र अर्धवट शिजलेली कोंबडीची हाडे देऊ नयेत. शिजलेले हाड तडकून सुईसारखे होते आणि आतड्यात रुतते. काळीजही बेताने. पौष्टिक खरे, पण रोज पोटभर काळीज घातले तर ते अंगाशी येते. पाव किलो मांसात एखादा लहान तुकडा असावा, जास्त नको.

आणि आता ती मुख्य गोष्ट, जिच्यावरून लेखाला नाव दिले. आपल्याकडे मटण म्हटले की कांदा-लसूण मसाला आला. तो आपल्याला अमृत, कुत्र्याला मात्र विष. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. एका दिवसात पडत नाही, पण रोज उरलेला रस्सा घातला तर पांढरे फटक पडते. म्हणून कुत्र्याचा वाटा फोडणीआधी काढावा. तिखट-मीठ नको. द्राक्षाच्या पट्ट्यातल्या सभासदांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक आहेत. शेडवर पडलेला बेदाणा पोरे गमतीने घालतात, ते थांबवावे. चॉकलेटचेही तसेच. बुरशी धरलेली पेंड, मका आणि भाकरी जनावराला चालत नाही म्हणून कुत्र्याला टाकू नये. त्या बुरशीचे विष कुत्र्याच्या यकृताला फार लवकर लागते.

माळकरी घरांचा प्रश्न आम्ही विसरलेलो नाही. त्यांच्याकडे मांस येणार नाही आणि यावे असे आमचे म्हणणेही नाही. मोठ्या कुत्र्याचे भाकरी, दूध-ताक आणि डाळीवर बऱ्यापैकी भागते. अंडे चालत असेल तर उकडून द्यावे. पण अशा घरचे कुत्रे शेजारच्या वस्तीवर जाऊन काय खाते, हे पाहणे त्यांनाही चुकत नाही.

पाकिटातल्या तयार खाद्याला आमचा विरोध नाही. परवडते त्यांनी घालावे. पण दहा किलोच्या पिशवीला हजारांत पैसे मोजायचे आणि त्याच कुत्र्याला आखाडात कच्ची वजडी टाकायची, यात काय साधले?

घरचे मांस म्हणताना एक रेघ ओढली पाहिजे. आपण खाण्यासाठी कापलेले निरोगी जनावर वेगळे आणि रोगाने मेलेले वेगळे. मेलेली शेळी, मेलेली कोंबडी कुत्र्याला घालू नये, शिजवूनसुद्धा. काय रोग होता हे आपल्याला ठाऊक नसते. फाशीने मेलेले जनावर तर फाडूच नये, त्याचे कातडेही काढू नये. पशुवैद्यकाला बोलवावे आणि खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. पूर्वी मेलेले ढोर माळावर टाकले की गिधाडे दोन-चार तासांत हाडे स्वच्छ करीत. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधामुळे गिधाडे मेली. २००६ साली ते जनावरांसाठी बंद झाले, पण गेलेली गिधाडे काही लगेच परत आली नाहीत. आता त्या माळावर मोकाट कुत्री जमतात.

आणि पोल्ट्रीवाल्या सभासदांना आमचे जरा कडक सांगणे आहे. शेडमध्ये रोज चार-दोन पक्षी मरतात. ते पोत्यात भरून कोणी ओढ्यात टाकतो, कोणी दुसऱ्याच्या उसाच्या सरीत. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला तेव्हा काय हाहाकार झाला तो आठवावा. पण त्याहून रोजची गोष्ट अशी की त्या पोत्याच्या वासाने कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. हे आम्ही मनचे सांगत नाही. अकोले तालुक्यात विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. तिथला बिबट्या जे खातो त्यात पाळीव जनावरांचाच भरणा, आणि त्यातही एकट्या कुत्र्याचा वाटा वजनाने सुमारे ३९ टक्के निघाला. शेळ्यांपेक्षा कितीतरी जास्त. आपला ऊस त्याला लपायला, आपली मोकाट कुत्री त्याला खायला, आणि मग तोडणीला टोळी आली की कोपीबाहेर खेळणाऱ्या पोरांचे आईबाप रात्र रात्र शेकोटी करून बसणार. त्या टोळ्यांच्या मागोमाग आलेली कुत्री हंगाम संपल्यावर कित्येकदा मागेच राहतात, त्यांचाही विचार कोणी करीत नाही.

म्हणून मेलेले पक्षी शेडजवळ खोल खड्ड्यात चुन्याखाली गाडावेत, आणि वस्तीवरचे कुत्रे रात्री बिबट्याच्या तोंडी बांधून ठेवू नये. बांधायचेच तर गोठ्यात, आडोशाला, झाप लावून. त्याचे ताट घराजवळ मांडावे, खाऊन झाले की उचलावे. उरलेले मांस रात्रभर अंगणात ठेवणे म्हणजे बिबट्याला आवतण.

घरी बोकड कापताना इतके करावे. काळीज आणि फोफसं उजेडात धरून बघावे. पाण्याचा फुगा दिसला तर सुरी लावून फोडू नये. तो भाग जाळावा, नाहीतर तीन-चार फूट खोल पुरून वर दगड टाकावेत, नाहीतर कुत्रे रात्रीतून उकरून काढते. फुगा नाही दिसला तरी आतले काही कच्चे टाकू नये, लहान फुगा डोळ्याला चुकतो. जत्रेत जिथे एकाच दिवशी पाच-पन्नास बोकडे पडतात तिथे जत्रा कमिटीने आदल्या दिवशी खड्डा खणून ठेवावा. मांडवाला, बँडला आपण वर्गणी काढतो. खड्ड्याला जेसीबीचा एक तास लागतो.

औषधाचेही सांगून ठेवतो. या पट्टकृमीवर प्राझिक्वांटेल हे औषध चालते. शेळ्यांना आपण जे जंताचे औषध पाजतो त्यावर विसंबू नये. कुत्र्याच्या वजनावर मात्रा ठरते, ती पशुवैद्यकाकडून घ्यावी. कच्चे खाण्याची सवय लागलेल्या कुत्र्याला दर सहा आठवड्यांनी, असे मानतात. औषध दिल्यावर दोन दिवस कुत्रे बांधून ठेवावे आणि त्याची विष्ठा हाताने न उचलता फावड्याने खोल पुरावी. पिसाळण्याची लस दरवर्षी टोचावी हे वेगळे सांगायला नको, पण सांगतो, कारण गेल्या वेळी आम्ही वीस वस्त्यांवर विचारले तेव्हा लसीचे कार्ड तिघांनीच दाखवले.

आता कारखान्याने काय करावे? आमचे मत संचालक मंडळाला कडू लागेल, तरी लिहितो. शेतकी विभाग गटवार माती परीक्षण करतो, बेणे देतो, हुमणीचे सापळे वाटतो. त्याच गट ऑफिसात वर्षातून दोन दिवस कुत्र्यांच्या जंताच्या गोळीचे आणि लसीचे शिबिर भरवायला फार मोठी तरतूद लागत नाही. पशुसंवर्धन खात्याच्या दवाखान्याशी बोलणे करावे. टोळ्यांच्या कुत्र्यांनाही त्यात घ्यावे, त्यांचा खर्च सभासदांनी धरू नये. कारखान्याच्या रस्त्यालगत जी चिकन-मटणाची दुकाने आहेत त्यांची घाण कालव्याच्या कडेला पडते हे आम्ही रोज जाता-येता पाहतो. तिथे ग्रामपंचायतीला पत्र लिहून झाकणाचा खड्डा करून घ्यावा. येत्या वार्षिक सभेत आयत्या वेळच्या विषयांत हा विषय कोणी सभासदाने मांडला तर आम्ही अनुमोदन देऊ. हशा होईल हे आम्ही धरून चाललो आहोत.

ज्यांच्याकडे अशी गाठ कोणाला निघाली असेल त्यांनी गट ऑफिसला कळवावे. नाव छापले जाणार नाही. किती घरे आहेत हे एकदा कळले तर शिबिर कोणत्या गटात आधी भरवायचे ते ठरवता येईल.

जाता जाता तात्यांचे. परवा आम्ही त्यांच्या वस्तीवर गेलो होतो. सूनबाई बऱ्या आहेत, हलकी कामे करतात. अंगणात तीन दगडांच्या चुलीवर एक काळे पडलेले पातेले रटरटत होते, आणि नातू काठीने ढवळत बसला होता. आम्ही विचारले, हे काय शिजतंय? तात्या म्हणाले, "त्याचं हाय. आमचं अजून चुलीवर चढायचंय."